हिरोज थ्री पुन्हा खेळताय? आधी बुटक्यांना घरी बसवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००३ च्या सुमारास हॉस्टेलवर 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक थ्री' हा टाउन बांधायचा, हिरो आणि सैन्य मॅपवर फिरवायचा कॉम्प्युटर गेम खेळायचात, आता चाळिशी उलटली, मुलगी बारा वर्षांची झाली, तिच्यासोबत पुन्हा सुरू करावा असं मनात आहे. कुठली आवृत्ती घ्यावी, गेम अजून तितकाच भारी वाटेल का, आणि तेव्हा टाउन अगदी शेवटपर्यंत बांधूनसुद्धा दुसऱ्या महिन्यात कॉम्प्युटर तुम्हाला धुऊन का काढायचा?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. खरं दुखणं तेच आहे, आणि मलाही ते आठ-नऊ वर्षं होतं.

मी हा गेम २००१ पासून खेळतोय, मध्ये काही वर्षं मॅपही बनवले. मित्रांमध्ये मी कधी हरायचो नाही, त्यामुळे आपण पोचलेले खेळाडू आहोत असा समज होता. मग पहिल्यांदा ऑनलाइन एका अनोळखी माणसाशी खेळलो. तिसऱ्या आठवड्याच्या मधल्याच कुठल्यातरी दिवशी त्याचा हिरो माझ्या टाउनसमोर येऊन उभा राहिला. माझं सैन्य तेव्हा त्याच्यापेक्षा फार लहान नव्हतं, पण त्याच्या हिरोची लेव्हल माझ्या दुप्पट होती आणि मधल्या प्रदेशातलं सगळं धन त्याने आधीच झाडून नेलं होतं. मी तोवर घराच्या आसपास दोन खाणी घेऊन कॅपिटॉल, म्हणजे टाउनमधली सगळ्यात जास्त सोनं देणारी इमारत, कधी होतोय याची वाट बघत बसलो होतो. सामना संपल्यावर त्याने एकच विचारलं, "तुझा हिरो रोज मॅपवरची किती घरं चालतो, मोजतोस का?" मी कधीच मोजली नव्हती.

मोजून बघा. हिरोला रोज सकाळी चालायचे पॉइंट्स मिळतात आणि ते ठरतात त्याच्या सैन्यातल्या सगळ्यात मंद युनिटवरून. सगळ्यात मंद युनिटचा स्पीड ३ असेल तर १५०० पॉइंट्स, ६ असेल तर १७००, आणि ११ किंवा त्याच्या पुढे असेल तर २०००. गवतावर एक सरळ घर १०० ला पडतं, तिरकं १४१ ला. आता रॅम्पार्ट हे टाउन घ्या आणि त्यातली किर्रे ही हिरो घ्या, जिची खासियतच लॉजिस्टिक्स, म्हणजे जास्त चालणं. ती सुरुवातीला सेंटॉर, ड्वार्फ (म्हणजे बुटके) आणि वुड एल्फ घेऊन निघते. सेंटॉर आणि एल्फ दोघांचाही स्पीड ६, आणि ड्वार्फचा ३. म्हणजे चालण्यात हुशार असलेल्या बाईच्या पायात आपण चार बुटके बांधून तिला फिरवत होतो! पहिल्या दिवशी ते बुटके टाउनमध्ये ठेवून द्या. दुसऱ्या दिवसापासून तिला रोज दोनशे पॉइंट्स जास्त, म्हणजे गवतावर दोन घरं. सहा दिवसांत बारा घरं. हे लॉजिस्टिक्सची टक्केवारी धरण्याच्या आधीचं. बारा घरांत एक खाण, खजिन्याच्या दोन पेट्या आणि एखादं लर्निंग स्टोन (हिरोचा अनुभव, म्हणजे पुढे लेव्हल, वाढवणारा दगड) सहज येतं.

रस्त्याचंही तेच. साधा मातीचा रस्ता ७५, खडीचा ६५, फरसबंदी ५०. बर्फ आणि वाळू १५०, दलदल १७५. सैन्यातलं प्रत्येक युनिट त्याच जमिनीचं असेल तर दंड नाही, पण एक परका शिपाई घुसवला की सगळ्यांना दंड लागू. आपण तेव्हा दिसेल त्या सैन्याला 'या, जॉइन व्हा' म्हणून सात जागा भरायचो आणि मग हिरो रांगतोय का म्हणून वैतागायचो.

आता खरी गंमत. पॉइंट्स सकाळी ठरतात आणि दिवसभर तेच राहतात. दुपारी सैन्यात कोण आलं, कोण गेलं, याने काही फरक पडत नाही. म्हणून जाणते खेळाडू पहिल्याच दिवशी टॅव्हर्नमधून २५०० सोन्यात दुसरा हिरो घेतात, परवडला तर लगेच तिसराही. त्यांच्याजवळ एकेक चपळ युनिट ठेवतात आणि त्यांना वाटेवर अंतराअंतराने उभं करतात. मुख्य हिरोची चाल संपली की पुढचा येतो, सैन्य घेतो, पुढे जातो, तिसऱ्याच्या हवाली करतो. स्लॅब पडतो त्या दिवशी घमेली कशी हातोहात वर जातात, अगदी तसं. घमेल्याला पाय नसतात, पण ते चौथ्या मजल्यावर पोचतं. जो ड्वार्फ स्वतः एका दिवसात पंधरा घरं गेला असता तो असा तीन हिरोंच्या हातून चाळीसेक घरं जाऊन पोचतो. हॉस्टेलवर आपण दुसरा हिरो घ्यायचो तो मुख्य हिरो मेल्यावर. चूक तिथेच होती.

आणि कॅपिटॉल. व्हिलेज हॉल रोज ५०० देतो, टाउन हॉल १०००, सिटी हॉल २०००, कॅपिटॉल ४०००. कॅपिटॉलला १०,००० लागतात आणि वरची कमाई रोजची २०००, म्हणजे पाच दिवसांत पैसे वसूल. हिशेब चांगला आहे, बांधू नका असं मी म्हणत नाही. पण त्याच्या नादात आपण हिरोला घराभोवती घुटमळवत ठेवायचो, हे वाईट. बाहेर सोन्याची एक खाण रोज १००० देते. बहुतेक पेट्यांत १०००, १५०० किंवा २००० सोनं, नाहीतर त्याऐवजी ५००, १००० किंवा १५०० अनुभव. (मुख्य हिरोने अनुभव घ्यावा, बाकीच्यांनी सोनं. पहिल्या आठवड्यात मात्र मुख्य हिरोनेसुद्धा एखादी पेटी सोन्यात काढली तर पाप नाही.) शिवाय वाटेवरचे पहारेकरी दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे थांबलात की तुमचं सैन्य वाढतं तसं त्यांचंही वाढतं, आणि कॉम्प्युटरचे हिरो तोवर उघड्यावरचं सगळं उचलत फिरत असतात. दुसऱ्या महिन्यात धुलाई व्हायची ती याची.

त्यात तुम्ही बहुतेक वरच्या डिफिकल्टीवर खेळत असणार, कारण हॉस्टेलवर 'नॉर्मल' लावणं कमीपणाचं असायचं. सगळ्यात वरच्या २०० टक्क्यांच्या पातळीवर आपल्याला सुरुवातीला सोनं शून्य, लाकूड शून्य, सगळंच शून्य मिळतं. तिथे घरी बसायची चैन नाही.

लढाईकडे वळतो, पण एकच लढाई सांगतो. तीत जवळजवळ सगळं येतं.

किर्रेच्या वाटेत सोन्याच्या खाणीसमोर 'लॉट्स' वॉकिंग डेड, म्हणजे चालती मढी, उभे आहेत. गेममध्ये 'लॉट्स' म्हणजे २० ते ४९. समजा वीस-बावीस आहेत, चार गटांत विभागून. तुमच्याकडे दोन हिरोंचे मिळून दहा वुड एल्फ आणि काही सेंटॉर. हॉस्टेलची पद्धत अशी की सेंटॉर सरळ अंगावर घालायचे, मागून एल्फनी बाण मारायचे, लढाई जिंकायची आणि पाच-सहा सेंटॉर गमवायचे. अशा चार लढाया झाल्या की सेंटॉर संपले. आता असं करा: एल्फ कोपऱ्यात. सेंटॉरांतला एक सुटा काढून त्याचा वेगळा गट करा, तसाच आणखी एक. उरलेले एल्फसमोर आडोशाला. वॉकिंग डेडचा स्पीड ३, मैदानाची रुंदी १५ घरं. ते तुमच्यापर्यंत यायला चार-पाच फेऱ्या घेतात. दहा घरांच्या पलीकडे बाणाचा मार निम्मा होतो. कर्सरवर मोडका बाण दिसतो तो त्याचाच, आणि आपण कितीतरी दिवस त्याला ग्राफिक्समधली चूक समजत होतो. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांत दोन-तीनच पडतील. काळजी करू नका. मग तो एकटा सेंटॉर पुढे न्या, त्यांच्या पल्ल्याच्या जेमतेम बाहेर, वरच्या कडेला. मढी त्याच्याकडे वळतात. पुढच्या फेरीत त्याला खालच्या कडेला न्या. पुन्हा वळतात. एल्फ बाण मारतायत, आता पूर्ण जोरात, दर फेरीला तीन-चार मढी पडतायत. शेवटी एखाद्या गटाने त्या सेंटॉरला गाठलंच तर गेला एक सेंटॉर. खाण तुमची, सैन्य जवळपास अख्खं.

दुसरा सुटा सेंटॉर कशाला? प्रतिवारासाठी. बहुतेक युनिट एका फेरीत एकदाच उलटा वार करतात. (ग्रिफिन दोनदा, आणि रॉयल ग्रिफिन कितीही वेळा, त्यांच्याशी हा खेळ खेळू नका.) तेव्हा आधी एकट्याने जाऊन टपली मारायची, तो प्रतिवार अंगावर घ्यायचा, आणि मग मोठ्या गटाने फुकटात हाणायचं. हे क्रूर आहे हे मान्य. माझ्या एका मित्राची बायको हे बघून म्हणाली होती की तुमच्या कंपनीतही असंच चालतं ना.

हिरोच्या स्किलबद्दल एवढंच: जागा आठ आहेत आणि भरलेली जागा रिकामी होत नाही. ईगल आय, नेव्हिगेशन (मॅपवर समुद्र नसताना), मिस्टिसिझम यांना जागा देऊ नका. विच हटमध्ये मुख्य हिरोला आंधळेपणाने पाठवू नका. आधी एखाद्या किरकोळ हिरोला आत पाठवून तिथे काय शिकवतात ते बघून घ्या. आणि अर्थ मॅजिक दिसलं की विचार न करता घ्या. एक्स्पर्ट झाल्यावर 'स्लो' एका झटक्यात सगळ्या शत्रूंवर पडतो आणि त्यांचा स्पीड निम्मा होतो, आणि 'टाउन पोर्टल'ने हव्या त्या आपल्या टाउनला उडी मारता येते. परत तेच, चालणं. आम्ही तेव्हा फायरबॉल आणि मिटिऑर शॉवरसाठी फायर-अर्थ घ्यायचो, म्हणजे योग्य गोष्ट चुकीच्या कारणासाठी.

आता गेम अजून भारी वाटेल का. मला वाटतं तुम्ही तो पूर्ण पाहिलेलाच नाही. हॉस्टेलवर फिरणाऱ्या राइट केलेल्या सीड्यांमध्ये जागा वाचवायला व्हिडिओ आणि संगीत कापलेलं असायचं. माझी पहिली कॉपी तशीच होती, टाउनमध्ये शिरलं की शांतता. चार-पाच वर्षांनी मी मूळ डिस्क मिळवली आणि नेक्रोपोलिसचं संगीत ऐकलं तेव्हा अक्षरशः खुर्चीत सरळ बसलो. पॉल रोमेरो आणि रॉब किंग या मंडळींनी प्रत्येक टाउनला वेगळा सूर दिलाय, रॅम्पार्टचा तर मी कामाच्या वेळी लावून ठेवतो. पोलंडमध्ये आणि रशियात या गेमचं वेड आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. पोलंडमध्ये हे संगीत ऑर्केस्ट्रा सभागृहांत वाजवतो.

चित्रं टिकली आहेत. १९९९ चा गेम आहे, पण न्यू वर्ल्ड कंप्युटिंग या मूळ कंपनीने तो सपाट, हाताने सजवल्यासारखा ठेवला. त्याच काळातले थ्रीडी गेम आज बघवत नाहीत. २००६ ला आलेला पाचवा भाग थ्रीडी होता आणि मला तो आज तिसऱ्यापेक्षा जुना वाटतो. कथा मात्र बेताची. एराथियाचा राजा ग्रिफनहार्ट मरतो, मुलगी कॅथरिन माहेरी परत येते आणि बघते तर नेक्रोमॅन्सरांनी बापालाच लिच (मेलेला जादूगार) करून उठवलंय. सुरुवात छान, पुढे मोहिमा लांबत जातात. एक मजेदार गोष्ट ठाऊक असू द्या: या सगळ्या जादूटोण्याच्या मागे, जॉन व्हॅन कॅनेगम यांच्या 'माइट अँड मॅजिक' मालिकेच्या मूळ कल्पनेत, अवकाशयानं आणि यंत्रं आहेत. 'आर्मागेडन्स ब्लेड' या विस्तारात 'फोर्ज' नावाचं यंत्रांचं टाउन येणार होतं. चाहत्यांनी इतका गोंधळ घातला की ते रद्द करून 'कॉनफ्लक्स' आणलं. आणि कॉनफ्लक्स इतकं जबरी निघालं की गंभीर सामन्यांत त्यावर बंदी घालायची वेळ आली.

जे म्हातारं झालंय तेही सांगतो. मोठ्या मॅपवर जिंकणं निश्चित झाल्यावरसुद्धा दोन तास शत्रूचे फुटकळ हिरो हुडकत फिरावं लागतं. कॉम्प्युटरची अक्कल मर्यादित आहे. वर सांगितलेलं नीट जमलं की दोन महिन्यांत तो तुम्हाला मिळमिळीत वाटेल. म्हणून १४४ × १४४ चा एक्स्ट्रा लार्ज मॅप लावू नका, नोकरी असलेल्या माणसाला तो झेपत नाही. ७२ × ७२ चा मीडियम, तळघर नसलेला, एका रविवारात संपतो.

आवृत्ती. स्टीमवर 'एचडी एडिशन' दिसेल, २०१५ ची, युबिसॉफ्टची. घेऊ नका. मूळ कंपनीची मालक थ्रीडीओ २००३ मध्ये बुडाली, हक्क युबिसॉफ्टकडे गेले, आणि हात बदलताना दोन्ही विस्तारांचा मूळ कोड हाती लागला नाही. त्यामुळे त्या एडिशनमध्ये 'आर्मागेडन्स ब्लेड' नाही आणि 'शॅडो ऑफ डेथ'ही नाही. दर वेळी नवा मॅप तयार करून देणारी सोय पहिल्या विस्ताराबरोबर आली होती, तीही नाही. जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर दोन्ही विस्तारांसकट 'कंप्लीट' मिळतो तो घ्या. सेलमध्ये तो फार स्वस्तात सुटतो. त्यावर चाहत्यांनी केलेला 'एचडी मॉड' टाका, कारण मूळ गेम ८०० × ६०० वरच चालतो आणि आजच्या स्क्रीनवर डोळे दुखतात. गोंधळू नका, 'एचडी एडिशन' आणि 'एचडी मॉड' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यानंतर 'हॉर्न ऑफ द अबिस'. हा चाहत्यांचा मोफत विस्तार, २०११ च्या अखेरीस पहिल्यांदा आला आणि अजून वाढतोय. चाच्यांचं 'कोव्ह' आणि नंतर आलेलं 'फॅक्टरी' ही त्यातली नवी टाउन. दर्जा इतका बरोबरीचा आहे की नवख्याला सांगितल्याशिवाय कळत नाही कुठलं टाउन १९९९ चं आणि कुठलं नवं. फॅक्टरीत यंत्रं आहेत, म्हणजे फोर्ज हाकलल्यावर पंचवीस वर्षांनी लोखंड मागच्या दाराने घरात आलंच. ऑनलाइन जगात आज सगळे यावरच खेळतात. त्यात बऱ्याच गोष्टींचे आकडे बदललेत, लॉजिस्टिक्स पूर्वीइतकं देत नाही, तेव्हा जुनं पाठांतर थोडं घासून घ्यावं लागेल. माझा सल्ला, पहिला महिना साधा 'शॅडो ऑफ डेथ' खेळा, मग हा टाका. फोनवर खेळायचं असेल तर 'व्हीसीएमआय' नावाचं मुक्त इंजिन अँड्रॉइडवर चालतं, पण त्याला मूळ गेमच्या फाइली लागतात, म्हणजे खरेदी टळत नाही. आणि लढाईत बोटाने हेक्स (षटकोनी घर) दाबताना एल्फऐवजी सेंटॉर मेला की मला दोष देऊ नका.

मुलीबरोबर हॉट सीटच खेळा, एकच कॉम्प्युटर, आळीपाळीने. लोडशेडिंगच्या काळात आमच्याकडे अशा डावांचे नियम ठरलेले होते: दुसऱ्याचा टर्न चालू असताना खुर्ची भिंतीकडे, आणि लाइट गेली तर ऑटोसेव्ह जिथे असेल तिथून, हुज्जत नाही. पहिला नियम आजही ठेवा, नाहीतर ती तुमच्या टाउनमध्ये किती सैन्य आहे ते बघून ठेवेल. तिला कॅसल द्या, तिथले आर्चेंजल मेलेल्यांना उठवतात, चुका भरून निघतात. तुम्ही इन्फर्नो घ्या, ते मुळातच लंगडं आहे, त्यामुळे सामना बरोबरीत येईल. पेटी उघडल्यावर सोनं की अनुभव हे तिचं तिला ठरवू द्या. आणि ती जर रॅम्पार्टसाठी हट्ट करून बसली आणि बुटके गोड दिसतात म्हणून त्यांना घेऊनच फिरायचं म्हणाली, तर पहिल्या डावाला काही बोलू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती स्वतःच विचारेल की हिरोची वाट दाखवणारे आपले हिरवे बाण इतक्या लवकर लाल का होतात, म्हणजे चाल इतक्या लवकर का संपते.